मटण, मासळी आणि वरण-भात : वाचकांच्या आहारविषयक शंका

मांसाहार, मासे आणि शाकाहार यांच्या आरोग्यावरील परिणामांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेली बहुतेक पत्रे पुणे शहरातली आहेत आणि त्यांतली बरीचशी घरातल्या वादातून लिहिलेली आहेत. कुठे वडील आणि मुलगा समोरासमोर उभे आहेत, तर कुठे सासर शाकाहारी आणि माहेर मासे खाणारे आहे. कोणी काय खावे हे श्रद्धेने, संस्काराने, प्राण्यांविषयीच्या करुणेने किंवा केवळ आवडीने ठरू शकते आणि त्या निर्णयाचा मी मनापासून आदर करते. येथे मात्र मी प्रकृतीपुरतेच लिहिणार आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय ६१ आणि पत्नीचे ५७ आहे. आम्ही दोघेही जन्मापासून शाकाहारी आहोत, अंडेदेखील खात नाही. घरात दूध, दही, ताक रोज असते. मला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. अलीकडे तळपायांना मुंग्या येऊ लागल्या म्हणून तपासणी केली, तेव्हा बी १२ फार कमी निघाले. मुलगा म्हणतो, आता तरी अंडी-मटण सुरू करा. आमच्या कितीतरी पिढ्या शाकाहारावर जगल्या, मग हे आम्हालाच का व्हावे? (कोथरूड)

उत्तर : तुमच्या मुलाची काळजी रास्त आहे, पण त्याने सुचवलेला मार्ग हा एकमेव मार्ग नाही आणि तुमच्या बाबतीत तो पुरेसाही ठरेल असे नाही. बी १२ हे जीवनसत्त्व प्राणी तयार करत नाहीत आणि वनस्पतीही करत नाहीत; ते जिवाणू तयार करतात. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जिवाणूंनी बनवलेले बी १२ त्यांच्या मांसात आणि दुधात उतरते. धान्ये, डाळी, भाज्या आणि फळे यांत ते जवळजवळ नसतेच. स्पिरुलिनासारख्या शेवाळात ते असल्याची जाहिरात केली जाते, परंतु त्यातील बहुतांश भाग शरीराला उपयोगी न पडणाऱ्या रूपात असतो.

प्रौढ माणसाला दिवसाला दोन ते अडीच मायक्रोग्रॅम बी १२ लागते, आणि १०० मिलिलिटर दुधात ते साधारण अर्धा मायक्रोग्रॅम असते. म्हणजे केवळ दुधावर भिस्त ठेवायची तर रोज निदान ४०० ते ५०० मिलिलिटर दूध किंवा तेवढेच दही पोटात गेले पाहिजे. ‘दूध-दही रोज असते’ असे सांगणाऱ्या अनेकांना मी एकच विनंती करते, की एक दिवस मापाचे भांडे हाताशी ठेवून प्रत्यक्ष मोजून पाहा. दोन वेळच्या चहात मिळून जेमतेम १०० मिलिलिटर दूध पडते, कोशिंबिरीत दोन चमचे दही कालवलेले असते आणि जेवणानंतरच्या पेलाभर ताकात दही कमी व पाणी जास्त असते. या सगळ्याची बेरीज एक मायक्रोग्रॅमपर्यंतही पोहोचत नाही. त्यात दूध पुन्हा पुन्हा उकळले, तर बी १२चा काही अंश आणखी घटतो.

हे दुखणे तुमच्या एकट्याच्या घरचे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती. ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन गटांतील या पुरुषांपैकी ६७ टक्के लोकांच्या रक्तात बी १२ कमी आढळले, आणि शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्या थरात दूध विकत घेण्याची ऐपत सर्वांत जास्त, त्याच थरात कमतरताही सर्वांत जास्त, ही गोष्ट प्रत्येक पुणेकराने गांभीर्याने घ्यावी असे मला वाटते. या कमतरतेशी शाकाहाराचा संबंध ठळक होता. आपण मांसाहारी आहोत म्हणून सुरक्षित आहोत, असे मानणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये, कारण पंधरा दिवसांतून एकदा मटण खाणाऱ्या माणसाचे उरलेले तेरा-चौदा दिवस शाकाहाराचेच असतात.

तुमच्या पत्रातील मधुमेहाचा उल्लेख मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मधुमेहासाठी सर्रास दिले जाणारे मेटफॉर्मिन हे औषध अनेक वर्षे घेतल्यास आतड्यातून बी १२ शोषले जाण्याचे प्रमाण घटते. पित्तासाठी रोज घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनीही तसेच होते. वयानुसार जठरातील आम्ल कमी होते आणि अन्नातील बी १२ मोकळे होण्यात अडथळा येतो. त्यामुळे तुम्ही उद्यापासून रोज दोन अंडी खाल्लीत, तरी केवळ त्यांनी ही तूट भरून निघणार नाही. मेटफॉर्मिन घेत असाल, तर ते स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने बी १२चे इंजेक्शन किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या घ्या आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणी करा. मुंग्या येण्यामागे मधुमेहाने झालेली मज्जातंतूंची हानीही असू शकते. डॉक्टरांनी दोन्ही शक्यता पडताळाव्यात, यासाठी आग्रह धरा. पत्नीची तपासणीही याच आठवड्यात करून घ्या.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. थकवा आला की औषधाच्या दुकानातून फॉलिक आम्लाच्या गोळ्या आणून घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. फॉलिक आम्लाचे महत्त्व मोठे आहे आणि त्याच्या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईतच झाली. १९२८ साली तेथे आलेल्या ल्युसी विल्स या ब्रिटिश संशोधिकेने गिरणीकामगार स्त्रियांच्या गरोदरपणातील पंडुरोगाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी घटक फोलेट, म्हणजे फॉलिक आम्लाचे नैसर्गिक रूप, हाच होता. परंतु बी १२ची कमतरता असताना केवळ फॉलिक आम्ल घेतल्यास रक्ताचा अहवाल सुधारतो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतल्या आत चालूच राहते. म्हणून दोन्हींचा विचार एकत्रच झाला पाहिजे.

आता पिढ्यांविषयी. तुमच्या पणजोबांच्या रक्तातील बी १२ कोणीही मोजलेले नव्हते. त्यांना ही कमतरता नव्हती असे आपण गृहीत धरतो, पण तसे म्हणायला आधार नाही. तुमचा शाकाहार हा तुमचा ठेवा आहे आणि तो सोडण्याची काहीच गरज नाही. त्याला एका गोळीची जोड द्यावी लागते, हे मात्र मोकळेपणाने स्वीकारावे. शाकाहारी घरांतील मुले, तरुणी आणि वृद्ध या सर्वांनाच मी हे कळकळीने सांगते, कारण वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेली ही कमतरता स्मरणशक्ती आणि चालण्याचा तोल यांवर घाला घालते, आणि उशीर झाल्यास ती हानी पूर्णपणे भरून येत नाही.

प्रश्न : मी ३६ वर्षांचा असून आयटी कंपनीत नोकरी करतो. जागतिक आरोग्य संघटनेने मांसाला सिगारेटच्या रांगेत बसवले आहे, असे मित्र सांगतात. आमच्याकडे दर रविवारी मटण असते आणि नाश्त्याला मी बहुतेक दिवशी सॉसेज किंवा सलामी घालून सँडविच खातो. मी खरोखर इतका धोका पत्करत आहे का? (हडपसर)

उत्तर : मित्रांनी सांगितलेले अर्धे बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन, हॅम यांसारखे खारवलेले, धुरी दिलेले किंवा नायट्राइट घालून टिकवलेले पदार्थ, पहिल्या गटात टाकले. तंबाखूही त्याच गटात आहे. परंतु हे गट धोक्याच्या आकारावरून पाडलेले नसून पुराव्याच्या भक्कमपणावरून पाडलेले आहेत. ‘या पदार्थाने माणसाला कर्करोग होऊ शकतो, याविषयी पुरेसा पुरावा आहे’ एवढाच पहिल्या गटाचा अर्थ आहे. सूर्याची किरणेदेखील त्याच गटात आहेत. दोन्हींच्या आकारातील फरक पाहायचा असेल, तर त्याच वेळी संघटनेने उद्धृत केलेले अंदाज बोलके आहेत: प्रक्रिया केलेले मांस भरपूर असलेल्या आहारामुळे जगात वर्षाला सुमारे ३४ हजार कर्करोगमृत्यू, तर तंबाखूमुळे सुमारे १० लाख.

रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, असा त्या समितीचा निष्कर्ष होता. हे १८ टक्के मूळ जोखमीच्या तुलनेतले आहेत. समजा १०० माणसांपैकी पाच जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार होणार असेल, तर त्या सर्वांनी रोज सॉसेज खाल्ल्यावर ती संख्या सहाच्या आसपास जाईल. व्यक्तीसाठी ही वाढ लहान असली तरी ती टाळणे अगदी सोपे आहे. तुमच्या सँडविचमधील सॉसेज रोज जवळपास तेवढेच भरत असेल. त्याच्या जागी उकडलेले अंडे, घरच्या चिकनचे तुकडे किंवा परतलेले पनीर घातले, तर तुमचा नाश्ता पाच मिनिटांनीही लांबणार नाही. या बाबतीत मी कोणतीही सवलत सुचवणार नाही. सॉसेज रोजच्या आहारातून काढूनच टाका.

रविवारच्या मटणाचा मामला वेगळा आहे. बोकडाचे मांस हे लाल मांसच असून त्याला दुसऱ्या गटाच्या वरच्या पायरीवर ठेवले आहे, म्हणजे त्याच्याबाबत धोका संभवतो पण पुरावा मर्यादित आहे. जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅम शिजवलेल्या लाल मांसापुरते थांबावे असा आहे. चार माणसांच्या घरात रविवारी एक किलो मटण आणले आणि ते दोन वेळा पुरवले, तर हाडे वगळून व शिजताना घटणारे वजन वजा करून माणशी सव्वाशे-दीडशे ग्रॅमच्या आसपास मांस पोटात जाते. ते या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. मला काळजी वाटते ती मांसापेक्षा त्याच्या सोबतीची: रश्श्यावर बोटभर तरंगणारी तर्री, त्यात बुडवून खाल्लेल्या नेहमीपेक्षा दुप्पट भाकऱ्या किंवा पाव, त्यावर भात, आणि त्या जेवणात पालेभाजीचा किंवा कोशिंबिरीचा पत्ताही नसणे. तर्री काढून ठेवा, कांदा-काकडी-मुळ्याची मोठी ताटली मधोमध ठेवा आणि मटण निश्चिंतपणे खा. निखाऱ्यावर काळे पडेपर्यंत भाजलेल्या मांसात काही घातक रसायने तयार होतात; तो करपलेला भाग काढून टाकावा.

प्रश्न : आम्हा भावाबहिणींत कायम वाद होतो. बहीण म्हणते की परदेशी संशोधनानुसार शाकाहारी लोक जास्त जगतात. मी वाचले आहे की शाकाहारी लोकांना पक्षाघात जास्त होतो. खरे कोण? (सातारा रस्ता)

उत्तर : दोघांनीही खऱ्याच अभ्यासांचा हवाला दिला आहे, आणि त्यांतला एक अभ्यास तर दोघांनाही आपापल्या बाजूने वापरता येईल असा आहे. ब्रिटनमध्ये सुमारे ४८ हजार लोकांवर १८ वर्षांच्या आसपास नजर ठेवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडण्याचा विकार मासे खाणाऱ्यांत १३ टक्क्यांनी आणि शाकाहाऱ्यांत २२ टक्क्यांनी कमी आढळला, मात्र पक्षाघाताचे प्रमाण शाकाहाऱ्यांत २० टक्क्यांनी जास्त होते. तुमच्या बहिणीच्या मनात बहुधा अमेरिका व कॅनडातील सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांचा अभ्यास असावा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७३ हजारांहून अधिक लोक होते. शाकाहाऱ्यांचा मृत्युदर मांसाहाऱ्यांपेक्षा १२ टक्क्यांनी कमी होता, आणि मांस वर्ज्य करून मासे खाणाऱ्यांचा त्याहूनही कमी, म्हणजे १९ टक्क्यांनी कमी होता.

हे अभ्यास चांगले आहेत, पण ते पुण्याला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, आणि माझा मुख्य मुद्दा हाच आहे. ब्रिटनमधील बरेचसे शाकाहारी लोक मोठेपणी, विचारपूर्वक शाकाहाराकडे वळलेले असतात. असा माणूस बहुधा धूम्रपान कमी करतो, व्यायाम करतो, वजन सांभाळतो आणि ताटात भाज्या, कडधान्ये, सुकामेवा मुद्दाम वाढवतो. संशोधक या गोष्टींचा हिशेब करतात, तरी तो कधीच पूर्ण होत नाही. आपल्याकडचा शाकाहारी माणूस जन्माने शाकाहारी असतो. त्याने मांस सोडून त्याजागी काही निवडलेले नसते. त्याच्या ताटात मांस कधी नव्हतेच. त्यामुळे त्याच्या ताटात काय आहे हे स्वतंत्रपणे पाहावे लागते, आणि ते पाहिले की वाटाण्याएवढी भाजी, पातळ वरण, चार पोळ्या, भात, चहाबरोबर बिस्किटे, संध्याकाळी वडापाव किंवा फरसाण असेच चित्र पुष्कळ घरांत दिसते. हे सगळे शुद्ध शाकाहारी आहे आणि प्रकृतीला घातकही आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीतून असे दिसले, की आपल्याला मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. मटण खाणारा आणि न खाणारा असे दोघेही या आकड्यात सामील आहेत.

आहार आणि मृत्यू यांविषयीचा एक मोठा जागतिक आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार आहारातील दोषांमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यूंशी तीन गोष्टींचा संबंध होता: जास्त मीठ, कमी अख्खी धान्ये आणि कमी फळे. लाल मांस त्या यादीत बरेच खाली होते. तेव्हा तुम्ही दोघे भावंडे मटणावरून भांडत असताना लोणचे, पापड आणि बेकरीतले खारे पदार्थ तुमच्यापैकी कोणाच्याही नजरेत येत नसतील, तर वाद चुकीच्या जागी चालला आहे असे मी म्हणेन.

प्रश्न : आम्ही मूळचे रत्नागिरीचे, पुण्यात स्थायिक आहोत. यजमानांना हृदयविकार झाल्यावर मासे चालतील का आणि कोणते, याविषयी प्रत्येकजण वेगळे सांगतो. माशाच्या तेलाच्या गोळ्या घ्याव्यात का? आमच्या शाकाहारी शेजारीणबाई विचारतात, की जवसाने तेच काम होते का? (धनकवडी)

उत्तर : मासे चालतीलच, आणि आठवड्यातून दोनदा खाल्ले तर चांगलेच. हृदयासाठी उपयुक्त मानली जाणारी ओमेगा-३ मेदाम्ले तेलकट माशांत जास्त असतात. या बाबतीत बांगडा आणि तारली हे स्वस्त मासे महागड्या पापलेटाला मागे टाकतात, ही तुमच्यासारख्या कोकणी गृहिणीला सुखावणारी गोष्ट आहे. बोंबलात पाणीच जास्त असते, त्यामुळे त्याच्याकडून या मेदाम्लांची फार अपेक्षा ठेवू नये. प्रथिने मात्र त्यातूनही मिळतात. उजनीच्या पाण्यातून भिगवणमार्गे येणारी चिलापीही प्रथिनांसाठी उत्तम आहे, पण ओमेगा-३साठी समुद्राचाच मासा हवा. मुशीसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो, म्हणून ती नेहमी खाऊ नये. गणेश पेठेत किंवा कॅम्पात मासे घेताना कल्ले लाल आहेत का, डोळे स्वच्छ आहेत का आणि बोटाने दाबल्यावर मांस पुन्हा वर येते का हे पाहता, तसेच पाहत राहा.

मासा कसा शिजवला यावर निम्मा फायदा अवलंबून असतो. रवा लावून भरपूर तेलात तळलेल्या तुकडीपेक्षा कालवण, तिखले किंवा केळीच्या पानात भाजलेला मासा बरा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा सुके बोंबील, सुकट आणि खारा बांगडा घरात येतो. यजमानांना रक्तदाबाचाही त्रास असेल, तर खाऱ्या माशातील मीठ त्यांना सोसणारे नाही. मिठाची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, इतकीच आहे आणि एका खाऱ्या बांगड्याने तिचा मोठा भाग संपतो.

गोळ्यांविषयी म्हणायचे तर, अमेरिकेत सुमारे २६ हजार लोकांना पाच वर्षे माशाच्या तेलाच्या किंवा नुसत्या दिखाऊ गोळ्या देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. हृदयविकार आणि पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना एकत्र मोजल्या असता त्यांत लक्षणीय घट दिसली नाही. त्या लोकांना आधी हृदयविकार झालेला नव्हता, त्यामुळे यजमानांच्या बाबतीत हृदयरोगतज्ज्ञांनी गोळ्या लिहून दिल्या असतील तर त्या घ्याव्यात. स्वतःहून विकत आणू नयेत.

शेजारीणबाईंना सांगा, की जवसात ओमेगा-३ भरपूर आहे, पण ते वेगळ्या रूपात असते आणि माशात असलेल्या रूपात त्याचे रूपांतर करण्याची शरीराची क्षमता अगदी थोडी आहे. तरीही जवसाची चटणी रोज दोन चमचे खावी. तंतू आणि चांगला मेद त्यातून मिळतोच. जवस अख्खे गिळले तर तसेच बाहेर पडतात, म्हणून भाजून कुटलेलेच खावेत.

प्रश्न : मी २१ वर्षांचा आहे. प्राण्यांवरील क्रूरतेविषयी वाचून मी सहा महिन्यांपूर्वी दूधही सोडले. व्यायामशाळेतले प्रशिक्षक म्हणतात, की प्रथिनांची पावडर घेतल्याशिवाय स्नायू तयारच होणार नाहीत. (कर्वेनगर)

उत्तर : भारतीय शिफारशीनुसार शरीराच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलो वजनाला सुमारे ५० ग्रॅम. जोरदार व्यायाम करणाऱ्याला याहून अधिक लागतात, पण तेही अन्नातून मिळवता येतात. अडचण अशी आहे, की आपल्या घरांत डाळ फार कमी शिजते. चौघांच्या वरणाला १०० ग्रॅम तूरडाळ लागली, तर प्रत्येकाच्या वाट्याला २५ ग्रॅम डाळ आणि पाच-साडेपाच ग्रॅम प्रथिने येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र दिवसाला ८५ ग्रॅमच्या आसपास डाळी-कडधान्ये सुचवली आहेत. तेव्हा वरण घट्ट करा, जोडीला रोज मटकी, हरभरा किंवा चवळीची उसळ ठेवा, आणि सोयाबीन, टोफू, शेंगदाणे यांना आहारात पक्की जागा द्या. डाळीत लायसिन हे अमिनो आम्ल जास्त आणि धान्यात मिथिओनिन जास्त, त्यामुळे वरण-भात किंवा उसळ-भाकरी एकमेकांची उणीव भरून काढतात. दोन्ही एकाच घासात जायला हवेत असे नाही. त्याच मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात असेही स्पष्ट म्हटले आहे.

तुमच्या निर्णयामागील भावना मला मोलाची वाटते, म्हणूनच एक गोष्ट ठामपणे सांगते. दूधही सोडल्यावर बी १२ची गोळी तुम्हाला ऐच्छिक राहिलेली नाही. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ आणि पालेभाज्या नियमाने खा, कारण आधी उल्लेख केलेल्या ब्रिटिश अभ्यासातच संपूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांत हाड मोडण्याचे प्रमाण मांसाहाऱ्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त आढळले होते.

प्रश्न : श्रावणात महिनाभर मांसाहार बंद ठेवल्याने शरीर शुद्ध होते का? (शुक्रवार पेठ)

उत्तर : शरीराच्या शुद्धीचे काम यकृत आणि मूत्रपिंडे बारा महिने करत असतात. श्रावण पाळण्याचे धार्मिक मोल त्याच्या जागी आहे. प्रकृतीला लाभ होईल की नाही, हे मात्र मटणाच्या जागी काय आले यावर ठरते. मूग, मटकी, अळू आणि रानभाज्या आल्या तर लाभ आहे. सोमवार आणि शनिवार साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि तळलेल्या पापड्यांवर काढले तर नाही, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. मधुमेही व्यक्तींनी त्याऐवजी वरी आणि राजगिरा मोजून घ्यावा.

प्रश्न : माझे माहेर मालवणचे आणि सासर पूर्ण शाकाहारी आहे. मला चौथा महिना असून मासे खाण्याची तीव्र इच्छा होते. सासूबाई प्रेमळ आहेत, पण ‘आमच्याकडच्या सगळ्या बाळंतिणी शाकाहारावरच सुखरूप झाल्या’ असे त्या म्हणतात. बाळासाठी मासे आवश्यकच आहेत का? (सदाशिव पेठ)

उत्तर : आवश्यकच आहेत असे नाही, पण उपयुक्त नक्की आहेत, आणि तुम्हाला त्यांची सवय आणि आवड असताना ते तोडण्याचे वैद्यकीय कारण काहीही नाही. माशांतील ओमेगा-३ मेदाम्ले बाळाच्या मेंदूच्या व डोळ्यांच्या वाढीला लागतात. आठवड्याला दोन-तीन वेळा, मिळून सव्वादोनशे ते साडेतीनशे ग्रॅम, कमी पारा असलेले मासे गरोदरपणात सुरक्षित मानले जातात. बांगडा, तारली, मांदेली आणि नीट शिजवलेली कोळंबी चालेल. मुशी बाळंतपण होईपर्यंत टाळावी. मासे पूर्ण शिजलेलेच खावेत.

सासूबाईंना दाखवता येईल असा पुरावा आपल्या पुण्याजवळचाच आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. ज्या माता पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत होत्या, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती. ही मुले सहा वर्षांची झाल्यावर असेही दिसले, की गरोदरपणात ज्यांच्या रक्तात फोलेट जास्त पण बी १२ कमी होते, त्या मातांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती, म्हणजे पुढच्या मधुमेहाची बीजे तेथेच पडली होती. गरोदरपणात सरकारी कार्यक्रमातून मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते; बी १२ तिच्यात नसते. ती गोळी तुम्ही न चुकता घ्यायचीच आहे, पण शाकाहारी घरात राहताना बी १२ची तपासणी करून घेण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी पुढच्याच भेटीत बोला. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका. जेवणात लिंबू पिळा, आणि चहा जेवणानंतर निदान तासाभराने प्या.

घरातल्या स्वयंपाकघरात मासे शिजवणे सासूबाईंना जड जात असेल, तर तसा आग्रह धरू नये, असे मला वाटते. त्यांच्या शाकाहाराचा मान राखून तुमचे डोहाळे पुरवता येतील. आठवड्यातून एक-दोनदा माहेरच्या नातेवाइकांकडे किंवा ताजे मासे मिळणाऱ्या खात्रीच्या खानावळीत जेवून या, आणि सोबत यजमानांना न्या. राहिलेल्या दिवशी सासूबाईंच्या हातची मेथीची डाळभाजी, नाचणीची भाकरी, घट्ट वरण आणि दोन वाट्या दही खा. ज्या दिवशी मासे खाणे होणार नाही, त्या दिवशीही बाळाचे काही अडणार नाही. डॉक्टरांकडे जाताना शक्य झाल्यास सासूबाईंनाही बरोबर न्या, म्हणजे बी १२विषयीचे बोलणे त्या स्वतः ऐकतील आणि त्यांच्या स्वतःच्या रक्ताची तपासणीही त्याच वेळी होऊन जाईल.